शालनचा हात

जुनं पान धड, नवं वाकडं. शालनने पाणझाडाची काडी पाण्यातून अलगद वर काढली आणि गॅलरीच्या उजेडात धरली. खालची पानं रुंद, तजेलदार, जशी असायला हवीत तशी. शेंड्याची मात्र आवळलेली, कडांनी पांढुरकी, उमलता उमलता कुणी दटावल्यासारखी. तिने दुसरी काडी काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं तेच. शेजारच्या टबात लांब पट्ट्यांसारखं वाढणारं पाणगवत होतं, ते टोकांकडून विरघळत चाललं होतं. टबाच्या कडेला चिकटलेल्या गोगलगाईंच्या शंखांवर पांढरे खड्डे पडले होते.

"काय झाला गो?" आतून सासूबाईंनी विचारलं.

रखमाबाईंची नजर आता अधू झाली होती, पण सून गॅलरीत किती वेळ गप्प उभी आहे हे त्यांना खाटेवरून बरोबर समजायचं.

"काही नाही, आई."

"काय नाय तर यवढा येळ उभी कशाला?"

शालनने काडी परत वाळूत खोचली. काय सांगणार? जे म्हणायचं ते या घराने तिच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी म्हणून ठेवलं होतं.

साईनाथचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं गाव पेणच्या खाली, खाडीला लागून. त्या घराची रीत अशी, की रोपांसाठी भाताचा राब पेरायचा तेव्हा बियाण्याची पहिली मूठ नव्या सुनेने टाकायची. शालनने टाकली. मनगटभर हिरवा चुडा, पायाखाली मऊ माती, आणि बांधावर उभं राहून बघणारं सगळं घर. त्या वर्षी रोपं बोटभर वर आली, पिवळी पडली आणि करपून गेली. लावणीला रोपं दुसऱ्यांकडून मागून आणावी लागली. कुणी आरडाओरडा केला नाही. धोंडीबाकाका, तिचे चुलत सासरे, जेवता जेवता एवढंच म्हणाले, "पोरीचे हाताला गुण नाय."

ते वाक्य मग घरातच राहायला आलं. पुढच्या वर्षी मूठ जावेने टाकली. दह्याला विरजण रखमाबाई स्वतः लावू लागल्या, लोणच्याच्या बरणीत हात त्यांचाच. शालन पुढ्यात उभी असली तरी म्हणायच्या, "राहू दे, मी लावतंय." रागाने नाही. तापल्या भांड्यापासून लेकराला लांब ठेवावं तसं. पुढे शालनचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा तर कुणी काहीच बोललं नाही, आणि ते न बोललेलं तिला नीट ऐकू आलं. त्यानंतर मूल राहिलं नाही.

साईनाथला कोलशेत रोडवरच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि दोघं बाळकुमला मॉरिस परेरांच्या चाळीत आली. मागे अंगण, अंगणात विहीर. मॉरिसबाबांच्या आजोबांनी ती शिंपले भाजून केलेल्या चुन्यात बांधलेली. पाणी थंड, पण जड. डाळ शिजता शिजायची नाही आणि हंड्याला आतून पांढरा थर बसायचा, तो शालन चिंचेने घासून काढायची.

मॉरिसबाबांच्या मुलाने, रोनाल्डने, पुढे माजिवड्यात फिशटँकचं दुकान टाकलं. मासे त्याच्याकडे तगायचे, पण टँकमध्ये लावायची झाडं टिकायची नाहीत. सडत आलेल्या काड्या तो अंगणाच्या कोपऱ्यात आणून टाकायचा. एकदा शालनने त्यातल्या काही उचलल्या आणि फुटक्या पिंपात वाळू घालून, विहिरीचं पाणी ओतून खोचल्या. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. टाकून दिलेल्या वस्तूकडे तिचं लक्ष जायचं, एवढंच.

काड्या लागल्या. नुसत्या लागल्या नाहीत, पिंपाच्या तोंडाशी येऊन बाहेर वाकून बघू लागल्या. रोनाल्डने ते पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"ताई, हे काय केलंस तू? मी औषधं घालून घालून थकलेलो."

"काही नाही रे. पाणी घातलं."

"पाणी काय मी घालत नाय? हात आहे तुझा, हात."

त्या दिवशी शालन मोरीशी उभी राहून हात धुताना हातांकडेच बघत राहिली. तेच हात. नखांत वाळू.

मग एका पिंपाची पाच झाली, अंगणभर टब आले. ठाण्यातल्या दवाखान्यांत, हॉटेलांत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यांत काचेमागे तिची झाडं डुलू लागली. रोनाल्ड गिऱ्हाइकाला सांगायचा, हा शालनताईचा माल आहे, डोळे मिटून लावा. सासरे गेल्यावर रखमाबाई बाळकुमला राहायला आल्या. त्यांच्या कानांवरही हे पडायचं. त्या तंबाखू मळत ऐकायच्या आणि संध्याकाळी विरजण मात्र स्वतःच लावायच्या.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना बाहेर भाड्याने राहावं लागलं. साईनाथ-शालनला खोली मिळाली डोंबिवलीत, हेमाताईंच्या बैठ्या घरात, बोअरच्या पाण्यावर. शालनने आपली मूळ झाडं, ज्यांच्या फांद्या तोडून ती नवी करायची ती, ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरून नेली. विहीर सुटली, आता काय होतंय, या धास्तीने पहिले काही दिवस तिला जेवण गेलं नाही. पण झाडं तिथेही तशीच फोफावली. तेव्हा कुठे तिने मनातल्या मनात कबूल केलं: विहिरीचं नव्हे, हे आपलंच आहे. आपल्याबरोबर येतं.

आणि आता नव्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात, नळाला धरणाचं गोड पाणी असताना, नवं प्रत्येक पान वाकडं येत होतं.

इमारतीत त्या पाण्याचं कोण कौतुक. एका शिट्टीत डाळ मेणासारखी, साबणाला ढीगभर फेस, भांड्यांवर एक डाग नाही. शेजारची प्रीती म्हणायची, "काकी, केस बघा कसे झालेत माझे, पार्लर बंद केलं मी." शालन हसायची आणि गॅलरीत जायची.

रोनाल्डला तिने बरेच दिवस कळू दिलं नाही. वाकडे शेंडे खुडून टाकायची आणि खालच्या जुन्या पानांच्या जुड्या बांधून पाठवायची. शेवटी त्याचाच फोन आला.

"ताई, माल आखूड येतोय हल्ली. तब्येत बरी आहे ना?"

तिने घाबरत घाबरत सांगितलं. तो म्हणाला, "नवीनच पान वाकडं? मग कॅल्शियम कमी पडत असेल. रविवारी येऊन बघतो, तोपर्यंत काय करू नको."

शेवटचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नाही. कॅल्शियम म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. इमारतीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी पाठवायचं: हाडांसाठी गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या. माणसाला गव्हाएवढा, तर एवढ्या टबाला किती, असा हिशोब तिने बिचारीने केला. रखमाबाईंच्या चंचीतली चुन्याची डबी उचलली, सुपारीएवढा गोळा काढला, तांब्याभर पाण्यात कालवला आणि मूळ झाडांच्या टबात ओतला. मूळ झाडं आधी वाचली पाहिजेत, हा तिचा विचार. डासांच्या अळ्या खायला म्हणून त्या टबात तिने छोटे मासेही सोडले होते.

भाजी घेऊन ती परत आली तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि मासे वर आले होते, आडवे. काड्यांना बोट लावलं तर पान गळून हातात येत होतं.

"कसला वास येतंय गो?" रखमाबाईंनी विचारलं. "आन माझी डबी कुठं गेली?"

शालनने डबी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. मासे वर्तमानपत्रात गुंडाळले. मग गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून, कुणीतरी त्यात काही ठेवणार असल्यासारखे. तिला रडू येत नव्हतं. तिला वाटत होतं, इतकी वर्षं जे चुकून झालं होतं ते आता संपलं, आणि धोंडीबाकाका जे म्हणाले होते तेच खरं होतं.

रविवारी रोनाल्ड आला. टबात डोकावला, पाणी बोटांत चोळून बघितलं.

"काय घातलेलंस?"

"चुना. खायचा."

तो उकिडवा बसला. "ताई, खायचा चुना जहाल असतो. तंबाखूत जास्त झाला की तोंड भाजतं ना? माशाचं तर अख्खं अंग तोंडासारखं नाजूक. कॅल्शियम आहे त्यात, पण ते असं नाय द्यायचं."

"मग कसं?"

त्याने पिशवीतून काचेची छोटी बाटली काढली आणि नळाचं पाणी घेतलं. औषधाचा एक थेंब टाकला, पाणी लालसर झालं. हलवून दुसरा टाकला, लगेच हिरवं.

"बघ. जितके जास्त थेंब लागतील तितकं पाणी जड. हे दोन थेंबांत संपलं. म्हणजे या पाण्यात काही नाहीच. कोरं पाणी आहे. आपल्याला प्यायला झकास, झाडाला उपाशी ठेवणारं."

"पण जुनी पानं तर धड आहेत."

"ती कॅल्शियम धरून बसतात. एकदा जुन्या पानात गेलं की तिथून निघत नाय ते. नव्याला रोज पाण्यातूनच मिळायला लागतं." मग आतल्या खोलीकडे मान करून हळूच म्हणाला, "सासूसारखं. किल्ल्या कमरेला, सुनेने आपलं आपण बघावं."

"माझ्या कमरेला किल्ल्या नाय, रे रोनाल्ड," आतून आवाज आला. "तंबाखूची चंची हाय. तुला पायजे?"

रोनाल्डने जीभ चावली. शालनला हसू आलं नाही. ती विचारत होती ते दुसरंच होतं.

"विहिरीच्या पाण्यात होतं का ते?"

"ठासून. शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली, तळाला शिंपल्यांचा खच. वर्षानुवर्षं थोडं थोडं उतरत होतं पाण्यात. हंड्याला थर बसायचा ना, तेच ते."

"आणि डोंबिवलीला?"

"बोअरचं ना? आणून दाखव, बघू."

दुसऱ्याच दिवशी ती डोंबिवलीला गेली. हेमाताईंनी दार उघडलं आणि तिच्या हातातला रिकामा कॅन बघून त्या बघतच राहिल्या. "आमचं पाणी? अगं, आम्ही त्याला कंटाळलोय, गीझर सडला त्याच्यापायी. आणि तू ठाण्याहून ते न्यायला आलीस?"

"झाडांना हवंय."

"तुझा तर हात होता, शालन. तुला पाणी कशाला लागतंय?"

परतीच्या वाटेवर कॅन तिच्या मांडीवर होता. तिला हेमाताईंचं वाक्य छळत होतं. हे पाणीही कोरंच निघावं, दोन थेंबांत हिरवं व्हावं, असं तिला आतून वाटत होतं. मग डोंबिवलीची झाडं तिची ठरली असती. आजची वाकडी पानंही तिचीच ठरली असती, ते तिला कळत होतं, तरीही.

दुकानात रोनाल्डने बाटली भरली. थेंब टाकला, हलवली. लाल. टाकला, हलवली. लाल. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला माशांचं खाणं देऊन तो परत आला आणि पुन्हा थेंब टाकत राहिला. शालन बाटलीकडे बघत होती. पाणी लालच होतं.

"बाप रे," रोनाल्ड आनंदाने म्हणाला. "हे तर विहिरीच्या पण वर."

"म्हणजे माझा हात नव्हता."

"असं काय बोलते? हात पण आहे ना, ताई." पण हे म्हणताना त्याचं लक्ष बाटलीकडेच होतं. मग त्याने तिला पांढऱ्या पुडीचं पाकीट दिलं. जिप्सम, त्यात थोडं मॅग्नेशियम. हे जहाल नाही, पाण्याचा स्वभाव न बिघडवता कॅल्शियम देतं. बादलीला चमचा, आधी नीट विरघळवायचं, घाई करायची नाही. "आणि एक लक्षात ठेव. वाकडं झालेलं पान सरळ होत नाय. त्याच्याकडे बघत बसू नको. पुढचं कसं येतं ते बघ."

घरी आल्यावर शालनने वाचलेल्या दोन काड्या निवडल्या, सारख्या उंचीच्या. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत नुसतं नळाचं पाणी. त्यात तिने स्वतःच्या हाताने काडी लावली, जेवढ्या मायेने लावता येईल तेवढ्या. दुसरीत पुडी विरघळवलेलं पाणी. ती घेऊन ती साईनाथकडे गेली. तो कारखान्यातून नुकताच आला होता.

"ही खोचा जरा यात."

"मी? अगं, माझ्या हातून तुळस मेली चाळीत. आठवत नाय का?"

"म्हणूनच."

तो हसला. त्याने काडी उलटी धरली होती, ती तिने सुलटी करून दिली. त्याने भिंतीत खिळा ठोकावा तशी ती वाळूत दाबली आणि चहाला गेला.

त्यानंतर शालन रोज सकाळी त्या बरण्यांशी जाऊन उभी राहायची. कुठल्या बरणीसाठी देवाजवळ काय मागावं ते तिला कळत नव्हतं. आपल्या बरणीत पान सरळ यावं, तर हात खरा. पण मग मेलेले मासे, करपलेला राब, आणि ते मूल, यांचं काय करायचं? आणि साईनाथच्या बरणीत सरळ यावं, तर मग आपल्याजवळ कधी काही नव्हतंच. रोनाल्डने हात म्हटलं होतं तो दिवसही खरा नव्हता.

साईनाथच्या बरणीत पान आलं. आधी गहू फुटावा तेवढं टोक, मग जोडीने दोन पानं, रुंद, सपाट, कडेपर्यंत हिरवी. शालनच्या बरणीतलं पान मुठीसारखं आवळून तसंच राहिलं.

तिने साईनाथची बरणी आत नेली आणि रखमाबाईंच्या डोळ्यांजवळ धरली. म्हातारीने बोट घालून पान चाचपलं.

"गुळगुळीत हाय. कुनी लावला?"

"ह्यांनी."

"साईनाथने?" रखमाबाईंचा चेहरा फुलला. "बघ. पोराचे हाताला गुण हाय. बापावर गेला."

"हात नाही, आई. पाणी." शालन खाटेच्या कडेवर टेकली. "पाण्यात औषध घातलं म्हणून आलं. कुणीही लावलं असतं तरी आलं असतं."

"हां." रखमाबाईंनी चंची उघडली. तंबाखू तळव्यावर घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळू लागल्या. "पान्याचा तसाच असतंय. तुजे लग्नाचे वर्षाला नाय का, उधानाचा पानी शिरला. बांध फुटला, खांड गेली. रातची बांधावर जायाची पाळी धोंडीबाची, तो निजला घरात. सगला खारा पानी राबात. एक रोप वाचला नाय."

शालन त्यांच्या हलणाऱ्या अंगठ्याकडे बघत होती.

"कुठल्या वर्षी?"

"सांगतंय ना, तू नवीन होतीस. तुला कुठं कलायचा बांध नि खांड."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"मंग? पानी काय लपतंय?" त्यांनी चिमूट दाढेला धरली.

"आणि माझ्या हाताचं जे बोलले..."

"कुनाचे हाताचा?"

रखमाबाईंनी अधू डोळे तिच्याकडे वळवले. त्यांत लपवाछपवी नव्हती. खरोखरच आठवत नव्हतं. शालनने त्या चेहऱ्यावर बराच वेळ शोधलं. एवढं जपून, एवढी वर्षं पोटाशी धरून ठेवलेलं, आणि ज्यांनी दिलं त्यांच्या घरी त्याची आठवणही शिल्लक नव्हती.

ती उठली. भांडायचं म्हटलं तर समोर कोण होतं? धोंडीबाकाका कधीच गेले होते. ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर दूध कोमट होत आलं होतं. तिने विरजणाची वाटी घेतली. चमचा घेतला आणि परत ठेवला. मग बोटानेच विरजण उचललं, दुधात सोडलं आणि बोट तसंच आत फिरवलं.

"दूध निवला काय?" बाहेरून हाक आली. "आन इकडं. मी लावतंय."

"लावलं, आई."

खाट करकरली. "तू?"

"हो."

मग तंबाखू थुंकल्याचा आवाज आला.

शालनने भांड्यावर झाकण ठेवलं आणि हात धुवायला नळ सोडला. या पाण्यात साबण लवकर निघत नाही, बोटांवर निसरडा रेंगाळत राहतो. ती बराच वेळ हात धूत राहिली. दही लागलं तर ते दुधाने, उबेने लागणार होतं आणि नाही लागलं तरी त्यांनीच, हे तिला आता ठाऊक होतं. तरी स्वयंपाकघरातून बाहेर पडताना तिने मागे वळून झाकणाकडे एकदा पाहिलंच.